ऑफिस घरात आलं, पण घराचं भाडं कोण देतंय?

२०२० च्या मार्च महिन्यात लॉकडाऊन लागला आणि पुण्या-मुंबईतल्या हजारो फ्लॅटमध्ये एकच भांडण सुरू झालं. डायनिंग टेबल कुणाला मिळणार? नवऱ्याचा कॉल दहाला, बायकोची मीटिंग सव्वादहाला, पोराची ऑनलाईन शाळा साडेदहाला. हॉल एक, टेबल एक, वायफाय एक. आजी-आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा, कुकरची शिट्टी मीटिंगच्या आधी नाहीतर नंतर काढायची, अशी सगळी व्यवस्था लागली. तेव्हा कुणी फार तक्रार केली नाही, कारण नोकरी टिकली हेच खूप होतं.

आता त्याला बरीच वर्षं झाली. लॉकडाऊन गेला, मास्क गेले. पण घरातला तो ऑफिसचा कोपरा अनेकांच्या घरी तसाच राहिला. आठवड्यातले दोन दिवस असोत किंवा पाच, कंपनीचं काम तुमच्या घरात होतं. खुर्ची तुमची, वीज तुमची, इंटरनेट तुमचं, जागा तुमची. आणि मग साधा प्रश्न पडतो, की मालकाच्या कामासाठी तुमचं घर वापरलं जात असेल तर त्याचा खर्च कुणी करायचा? घरात पडून पाय मोडला तर जबाबदारी कुणाची? बॉसने कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं तर ठेवावाच लागतो का?

हा प्रश्न आयटीवाल्यांचा वाटतो, पण महाराष्ट्रात तो त्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणून सुरुवात हिंजवडीपासून न करता सोलापूरपासून करायला लागते.

सोलापूरच्या बायका हे कधीपासून करतायत?

सोलापूर म्हटलं की चादर आठवते, पण तिथली दुसरी मोठी ओळख आहे विडी. हजारो बायका विड्या वळतात, त्यातल्या बऱ्याच तेलुगू भाषक कुटुंबांतल्या आहेत. कामाची पद्धत अशी. विडी कंपनीकडून तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा घ्यायचा. घरी आणायचा. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची. तयार विड्या मोजून परत न्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर मिळते. ज्या विड्या पसंत पडत नाहीत त्या बाजूला काढल्या जातात.

यात कंपनीचं काय वाचतं? तर सगळ्यात महाग गोष्ट वाचते, ती म्हणजे जागा. एवढ्या बायकांना एका छपराखाली बसवायचं तर मोठी शेड लागेल, दिवे लागतील, पंखे, पाणी, संडास, पाळणाघर लागेल. हे सगळं कामगाराच्या घरावर सोडलं की मालकाच्या हिशोबातून तो खर्चच गायब होतो. तो खर्च होतो, पण दुसऱ्याच्या घरात. ज्या खोलीत स्वयंपाक आणि झोप, त्याच खोलीत तंबाखूचं सूप. धूळ लहान पोरांच्याही नाकात जाते आणि हाताला हात म्हणून घरातली इतर माणसंही वळायला बसतात.

या शहरात त्यातून एक वेगळी गोष्टही उभी राहिली. माकपचे नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांसाठी कुंभारी इथं गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत झाली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. त्यानंतर रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते देण्यात आल्या. रे नगरमध्ये विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, बांधकाम मजूर, कागद-काच वेचणारे अशी असंघटित क्षेत्रातली माणसं आहेत.

आता इथं जरा थांबून बघण्यासारखं आहे. घर मिळालं सरकारी योजनेतून आणि कामगाराने भरलेल्या हप्त्यातून. पण विडी कामगार बाई त्या घरात राहायला गेली की तेच घर तिचा कारखानाही होतं.

मग मालक म्हणायचे, या आमच्या कामगारच नाहीत

घरून काम करून घेण्याचा दुसरा फायदा जागेपेक्षाही मोठा होता. बाई कारखान्यात येत नाही, हजेरी लावत नाही, कधी वळायचं ते स्वतः ठरवते. म्हणजे ती आमची कामगार नाही, स्वतंत्र धंदा करणारी आहे, असं म्हणता येत होतं. कामगार नाही म्हणजे प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही, बाळंतपणाचा पगार नाही.

ही पळवाट बुजवायला संसदेने १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात कामगाराच्या व्याख्येतच घरी कच्चा माल नेऊन विडी वळणाऱ्या माणसाला घेतलं. कंपन्या कोर्टात गेल्या. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

पुढचा वाद पीएफचा. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी विडी वळणाऱ्या बायकांनाही पीएफचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. त्यातला मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. मालकाचं म्हणणं होतं की आम्ही त्यांच्या घरी जाऊन देखरेख करत नाही, मग नियंत्रण कसलं? कोर्टाचं म्हणणं असं की तयार माल तपासून नाकारण्याचा हक्क तुमच्याकडे आहे ना, मग तेच नियंत्रण. बाई कुठं बसून वळते याने फरक पडत नाही.

म्हणजे चार भिंती कुणाच्या आहेत यावरून नातं ठरत नाही, काम कुणाच्या अटीवर चालतं यावरून ठरतं. आज लॅपटॉपवर बसणाऱ्या माणसालाही हे सूत्र उपयोगाचं आहे.

१९६६ चा हा कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत तो विलीन झाला आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या.

लिज्जतच्या बायकाही घरीच लाटतात, मग फरक काय?

इथं एक उलटं उदाहरणही सांगायला हवं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. तिथंही पद्धत अशीच आहे. केंद्रावरून पीठ न्यायचं, घरी पापड लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचे. घर वापरलं जातंच.

पण लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक बाई ही सभासद आणि मालकीची भागीदार असते. नफा झाला तर तो तिच्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे तिने घराची जागा दिली तर ती स्वतःच्याच धंद्याला दिली. विडीवाल्या बाईने दिलेली जागा दुसऱ्याच्या नफ्यात जाते.

त्यामुळे घरून काम वाईट, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. अनेक बायकांना बाहेर पडणं शक्य नसतं, त्यांना घरचं काम हाच पर्याय असतो. अनेक आयटीवाल्यांना हिंजवडीच्या ट्रॅफिकमधले तीन तास वाचतात, काहीजण गावी जाऊन आई-वडिलांजवळ राहू शकतात. वाद घरून काम करण्याबद्दल नाही, ते कुणाच्या खर्चाने होतं याबद्दल आहे.

कोरोनात नियम बदलले, पण कुणासाठी?

लॉकडाऊनच्या आधी भारतात कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांना कर्मचाऱ्यांना घरून काम करू देणं सोपं नव्हतं. दूरसंचार विभागाच्या अटी होत्या, त्यात बँक गॅरंटीसुद्धा होती. मार्च २०२० मध्ये त्यांत तात्पुरती सूट मिळाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नियमच सैल केले गेले.

पाठोपाठ विशेष आर्थिक क्षेत्रांचा म्हणजे सेझचा प्रश्न आला. सेझमधल्या कंपन्यांना करसवलती मिळतात, त्यामुळे तिथलं सामान बाहेर नेण्यावर बंधनं असतात. जुलै २०२२ मध्ये केंद्राने ४३ अ हा नवा नियम आणला. त्यानुसार निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम करायची परवानगी मिळाली. कंपनीने उपकरणं आणि सुरक्षित जोडणी द्यायची असंही त्यात होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही मर्यादा १०० टक्क्यांपर्यंत वाढवली.

या नियमांमध्ये लॅपटॉप कुठं आहे, डेटा सुरक्षित आहे का, करसवलतीचा गैरवापर होतो का, याची काळजी दिसते. कर्मचाऱ्याच्या खुर्चीची, विजेच्या बिलाची किंवा खोलीची काळजी त्यात दिसत नाही.

निर्णय कुणाच्या सोयीने होतो तेही पुढे दिसलं. टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांना ऑफिसात यावं लागेल. प्रत्यक्षात २०२३ च्या ऑक्टोबरपासून कंपनीने बहुतेक सगळ्यांना पाचही दिवस परत बोलावलं. बोलावण्यात बेकायदा काही नाही. पण ज्याने दरम्यान घरून काम करायचं म्हणून मोठा फ्लॅट घेतला किंवा गावी बिऱ्हाड हलवलं, त्याचा खर्च त्याच्याकडेच राहिला. घर कधी ऑफिस होणार आणि कधी नाही, हे ठरवणारा एक आणि त्यानुसार घर बदलणारा दुसरा, असा हा मामला आहे.

घराचा खर्च असतो तरी किती?

एक साधा हिशोब करून बघू. समजा ५०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे आणि भाडं २० हजार. त्यातली १० बाय १० ची खोली कामासाठी लागते. म्हणजे १०० चौरस फूट, भाड्याचा पाचवा हिस्सा, ४ हजार रुपये. ती खोली दिवसातले आठच तास कामाला लागते असं धरलं तरी तिसरा हिस्सा, म्हणजे महिन्याला साधारण १,३०० रुपये.

आता वीज. लॅपटॉप, मॉनिटर आणि पंखा मिळून १६५ वॅट धरा. दिवसाला नऊ तास, महिन्याला २२ दिवस. साधारण ३३ युनिट होतात. हे फार नाही. पण एसी लावला तर गणित बदलतं. तासाला सरासरी एक युनिट धरलं तरी महिन्याला जवळपास २०० युनिट वाढतात. आणि महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा, त्यापुढचा आणखी जास्त. म्हणजे ऑफिसच्या कामाने वाढलेले युनिट नेमके महाग टप्प्यात जाऊन बसतात.

त्यात इंटरनेट, इन्व्हर्टर, खुर्ची आणि चुकीच्या खुर्चीमुळे लागणारा फिजिओथेरपिस्ट धरा.

यावर कंपन्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं. प्रवासाचा खर्च वाचतो ना? ते खरं आहे आणि काहींच्या बाबतीत वाचलेला पैसा जास्तही भरतो. दुसरं उत्तर असतं की घरभाडे भत्ता देतोच की. पण तो भत्ता राहण्यासाठी असतो. ऑफिसात रोज जाणाऱ्यालाही तो तेवढाच मिळतो.

बरं, हा खर्च करातून तरी वजा होतो का? पगारदारांचा होत नाही. वकील, सीए किंवा फ्रीलान्सर आपल्या व्यवसायासाठी झालेला खर्च उत्पन्नातून वजा करू शकतो. पगारदाराला ठरावीक प्रमाणित वजावट मिळते, नव्या करप्रणालीत ती ७५ हजार रुपये आहे. तुम्ही घरून काम करा किंवा ऑफिसातून, ती तेवढीच राहते.

लॅपटॉपवाल्यांपलीकडे कोण कोण आहे?

मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हचं घर कधी पाहिलंय? कंपनीकडून औषधांचे नमुने आणि डॉक्टरांना द्यायच्या वस्तूंचे खोके घरच्या पत्त्यावर येतात. ते पलंगाखाली, कपाटावर, गॅलरीत जाऊन बसतात. छोट्या शहरात कंपनीचं ऑफिसच नसतं, त्यामुळे घर हेच गोदाम.

आशाताईंच्या घरी गोळ्यांचा साठा असतो, रजिस्टरं असतात आणि रात्री-अपरात्री दार वाजवणारं गावही असतं. शाळेतले शिक्षक उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आणतात. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी फोन त्यांचा, डेटा त्यांचा.

यातल्या कुणाच्याही तोंडी वर्क फ्रॉम होम हा शब्द नसतो. घर वापरलं जातंय असं त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. नोकरीबरोबर ते आपोआप येतं.

आणि घर म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथं आधीच कुणीतरी काम करत असतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तर हे काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. म्हणजे पुरुषाने घरून काम केलं तर त्याचं घर ऑफिस होतं. बाईने केलं तर ऑफिसबरोबर घरही चालूच राहतं. दोन मीटिंगच्या मध्ये भाजी चिरणं हा अनेकींचा रोजचा अनुभव आहे. घरी एकच बंद दाराची खोली असेल तर ती कुणाला मिळते, याचं उत्तर प्रत्येकाने आपापल्या घरात शोधून बघावं.

आपला कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगायचं तर तुकड्या-तुकड्यांत बोलतो.

सामाजिक सुरक्षा संहितेत घराधारित कामगाराची व्याख्या आहे. मालकासाठी स्वतःच्या घरी किंवा स्वतः निवडलेल्या जागी मोबदला घेऊन वस्तू किंवा सेवा तयार करणारा माणूस, मग साहित्य मालकाने दिलेलं असो वा नसो. व्याख्या चांगली रुंद आहे. पण तिचा उपयोग सामाजिक सुरक्षेच्या योजनांपुरता आहे. घराचं भाडं किंवा वीज कुणी द्यायची यावर ती बोलत नाही.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात बदल झाला. बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालक आणि कर्मचारी यांनी आपसात ठरवून घरून काम करता येईल, असं त्यात आलं. आपसात ठरवून, हे महत्त्वाचं. तो मालकावर टाकलेला सक्तीचा नियम नाही.

डिसेंबर २०२० च्या शेवटी केंद्राने सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला. त्यात मालक कर्मचाऱ्याला घरून काम करू देऊ शकतो असा उल्लेख होता. खर्चाचा नव्हता.

मग उरतो तो तुमचा करार. नेमणूकपत्रात आणि कंपनीच्या धोरणात काय लिहिलंय तेच बहुतेक वेळा शेवटचं उत्तर ठरतं. म्हणूनच एका कंपनीत इंटरनेटचे पैसे मिळतात, दुसरीत खुर्चीसाठी एकदाच रक्कम मिळते आणि तिसरीत काहीच मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर एक करार आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. इथं घरकामगार म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या नव्हेत, घरी बसून मालकासाठी काम करणारे. त्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असं तो म्हणतो. हा करार व्हावा म्हणून झटणाऱ्यांमध्ये इला भट यांची अहमदाबादची सेवा ही संघटना पुढे होती. भारताने मात्र त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

घरात पडलो तर?

कामाच्या ओघात झालेल्या अपघाताची भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. आता ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. घरातून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध असेल तर, त्यात धरला जाईल असं या संहितेत स्पष्ट लिहिलंय. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात असाच निकाल दिला. २००३ मध्ये पहाटेच्या ड्यूटीला जाताना त्याचा अपघाती मृत्यू झाला होता. कुटुंबाला न्यायासाठी २२ वर्षं लागली.

पण घरून काम करताना लॅपटॉपच्या वायरीत पाय अडकून पडलात तर? तुमचं ऑफिस आणि घर यात अंतरच नाही. कामाच्या ओघात झालेला अपघात या शब्दांत ते बसवता येईल, पण घर हा शब्द घेऊन कायदा तसं सांगत नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येणार.

जर्मनीत हा प्रश्न कोर्टात गेला होता. एक माणूस सकाळी पलंगावरून उठून खालच्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीकडे निघाला आणि गोल जिन्यावरून पडला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने तो कामावरचाच अपघात मानला.

बॉसला घरात किती डोकावता येतं?

घर ऑफिस झालं की दुसरा धोका येतो तो खासगीपणाचा. स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर, माऊस हलतोय का ते बघणारं सॉफ्टवेअर आणि सतत चालू कॅमेरा. ऑफिसात कॅमेऱ्यात फक्त तुम्ही दिसता. घरात मागे पलंग दिसतो, वाळत घातलेले कपडे दिसतात, आजारी सासूबाई दिसतात. त्यांनी तर कंपनीत नोकरी धरलेली नाही.

नेदरलँड्समध्ये २०२२ साली अशीच केस झाली. अमेरिकेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने तिथल्या कर्मचाऱ्याला रोज नऊ तास कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं. त्याने नकार दिला, तर कामावरून काढलं. कोर्टाने हा आग्रह खासगी आयुष्यात घुसखोरी ठरवला आणि कंपनीला सुमारे ७५ हजार युरो द्यायला लावले.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मात्र २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला मालकाला सवलत ठेवलेली आहे. ती सवलत घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते का, हा वाद पुढे येणारच आहे.

याला जोडूनच कामाच्या वेळेचा मुद्दा येतो. ऑफिसातून निघालं की दिवस संपायचा, घरातून निघणार कुठं? बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी ऑफिसच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं पुढं फारसं काही होत नाही, पण चर्चा तरी होते.

बाकीच्या देशांनी काय केलं?

स्वित्झर्लंडमध्ये २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंपनी ऑफिसात योग्य जागाच देत नसेल तर कर्मचाऱ्याच्या घरभाड्यात तिने वाटा उचलायला हवा. त्या प्रकरणात महिन्याला १५० फ्रँक ठरले. तसा करार आधी झालेला नव्हता, तरीही.

पोर्तुगालने २०२१ च्या शेवटी कायदा केला. घरून काम केल्याने वाढलेला खर्च कंपनीने द्यायचा, कामाच्या वेळेबाहेर संपर्क टाळायचा आणि घरी भेट द्यायची तर २४ तास आधी सांगून, कर्मचाऱ्याच्या संमतीनेच.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात कामासाठी करावा लागलेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा असा जुना नियम आहे. कोरोनात एका कंपनीने युक्तिवाद केला की घरी बसायला आम्ही नाही, सरकारने सांगितलं. २०२३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तो फेटाळला. सांगितलं कुणी याला महत्त्व नाही, खर्च कामासाठी झाला का एवढंच बघायचं.

जर्मनीने वेगळी वाट धरली. घरून काम केलेल्या प्रत्येक दिवसामागे ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १,२६० युरो करातून वजा करता येतात. म्हणजे भार कंपनीवर न टाकता सरकारने थोडा उचलला.

मग तुम्ही काय करू शकता?

सगळ्यात आधी नेमणूकपत्र काढा आणि कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते वाचा. घर हे कामाचं ठिकाण म्हणून लिहिलंय की कंपनीचं ऑफिस? अपघात झाला किंवा अचानक परत बोलावलं, तर हाच कागद कामाला येतो.

दुसरं, जे विचारायचं ते ईमेलवर विचारा. इंटरनेट आणि विजेचे पैसे मिळतात का? खुर्ची-टेबल मिळतं का? घरी चोरी झाली किंवा पाणी सांडून लॅपटॉप गेला तर भरपाई कुणाची? घरी काम करताना अपघात झाला तर कंपनीचा विमा लागू होतो का? कॅमेरा आणि देखरेखीचं धोरण लेखी आहे का?

तिसरं, कामाचे तास लिहून ठेवा. जागा बदलली म्हणून कायद्यातली आठवड्याची ४८ तासांची मर्यादा, ज्यांना ती लागू आहे त्यांच्यासाठी, संपत नाही.

चौथं, भाड्याने राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार बघा. त्यात बहुतेक वेळा जागा फक्त राहण्यासाठी वापरायची असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपवर काम केल्याने सहसा कुणी आक्षेप घेत नाही. पण कंपनीचे खोके घरात साठवत असाल तर सोसायटी किंवा घरमालक विचारू शकतात. तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, कंपनीला नाही.

आणि शेवटचं, एकट्याने मागण्यापेक्षा चार जणांनी मिळून मागितलेलं लवकर ऐकलं जातं. सोलापूरच्या विडी कामगारांना जे काही मिळालं ते असंच मिळालं. प्रत्येक बाई आपल्या घरात एकटी बसून वळत होती, म्हणून त्यांना एकत्र येणं सगळ्यात अवघड होतं. तरीही त्या रस्त्यावर आल्या, मोर्चे काढले, कायदा लागू करून घेतला. लॅपटॉपवाल्यांकडे तर निदान एक ग्रुप चॅट आहे.